चाक ज्याच्यावर वळतं: बॉल जॉइंट घरी बदलताना शिकलेल्या गोष्टी

आमच्या घरची गाडी टोयोटा कोरोला. २००३ साली भारतात जी पिढी आली, त्यातली. सासर कोल्हापूरचं, माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे मधला आंबा घाट या गाडीच्या रोजच्या ओळखीचा. तिची बरीचशी दुरुस्ती मी अंगणातच करते आणि पुढच्या चाकांचे बॉल जॉइंटही घरीच बदलते. हे काम फार अवघड नाही. पण ते अर्धवट झालेलं चालत नाही.

गॅरेजमध्ये पोऱ्यानं नट आवळला की गाडी बाहेर काढण्यापूर्वी मिस्त्री एकदा हात फिरवून बघतात. घरी ते बघणारं माणूस नसतं. त्यामुळे एकाच माणसाला दोन भूमिका कराव्या लागतात: एक काम करणाऱ्याची आणि दुसरी त्याच्या कामावर सहजासहजी विश्वास न ठेवणाऱ्याची. पहिली भूमिका शिकवणारे खूप भेटतात. मी पुढे लिहिलंय ते मुख्यतः दुसरीसाठी.

१. तो भाग काय काम करतो, ते आधी समजून घ्या

पुढच्या चाकाला दोन हालचाली कराव्या लागतात. खड्ड्यात ते वर-खाली होतं आणि स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे वळतं. चाक ज्या ओतीव तुकड्यावर बसतं तो नकल, आणि नकलला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा तो लोअर आर्म. या दोघांच्या मधला सांधा म्हणजे बॉल जॉइंट. खुब्याच्या सांध्यासारखीच त्याची रचना असते: वाटीत बसलेला गोळा, मध्ये घर्षण कमी करणारं अस्तर आणि ग्रीस, आणि वरून रबराचा बूट. गोळ्यातून निघालेला दांडा टोकाकडे निमुळता होत जातो. त्या उताराला टेपर म्हणतात.

जुन्या मोटारींत हे वळण्याचं काम किंगपिन करत असे, आणि जड ट्रकांत ती आजही दिसते. कोरोलासारख्या गाडीत मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत आली. आपल्याकडच्या १९८३ च्या मारुती ८०० मध्येही पुढे तीच होती. या रचनेत गाडीचा भार वरून, स्प्रिंगमधून येतो. खालचा बॉल जॉइंट तो भार उचलत नाही, तो चाकाचा पाय जागेवर धरून ठेवतो. म्हणूनच तो झिजला तरी गाडी खाली बसत नाही, तिरकी दिसत नाही, बाहेरून काही कळत नाही. मात्र फारच झिजला तर गोळा वाटीतून निसटतो. मग चाक तिरकं होऊन मडगार्डमध्ये घुसतं आणि स्टिअरिंग निरुपयोगी होतं. वळताना कमी वेगात हे घडलं तर नुकसान पैशाचं होतं. घाटात घडलं तर काय होईल ते सांगायला नको. हे एकदा नीट कळलं की पुढचा प्रत्येक नट आपण वेगळ्या मनानं आवळतो.

२. आवाज ऐकून भाग विकत घेऊ नका

स्पीडब्रेकरवर ‘खट्’ असा आवाज आला की लगेच बॉल जॉइंटवर बोट ठेवलं जातं. पण तोच आवाज स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडचा असू शकतो, लोअर आर्मच्या बुशचा असू शकतो, शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचाही असू शकतो. आमच्या भागातले एक वयस्क मिस्त्री मला नेहमी सांगायचे, “ताई, कानानं ऐकायचं आन् हातानं ठरवायचं.” ते हातानं ठरवणं असं:

गाडी सांगाड्याच्या ठरलेल्या जागी जॅक लावून उचलायची, घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवायची आणि चाक मोकळं लोंबू द्यायचं. मग चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवायचं. नंतर ९ आणि ३ वर. फक्त ९-३ ला ढिलाई असेल तर संशय टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या चाकाकडच्या सांध्यावर. दोन्हीकडे असेल तर बेअरिंगही असू शकतं. इथे मदतनीस लागतो. आमच्याकडे मुलगी आत बसून ब्रेक दाबते. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गायब झाली तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकनं हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. ब्रेक दाबूनही हालचाल राहिली तर दोष त्याच्या पलीकडे, म्हणजे जॉइंट किंवा बुशमध्ये.

शेवटची परीक्षा टॉमीची, म्हणजे लोखंडी पहारीची. लोअर आर्म आणि नकल यांच्यात लांब टॉमी घालून, बूटाला धक्का न लावता, हलका जोर द्यायचा आणि नजर जॉइंटवर ठेवायची. आर्म आणि नकल एकत्र हलले तर ठीक. दोघांमधलं अंतर कमीजास्त होताना दिसलं, बोटाला ‘टक्’ जाणवलं, तर जॉइंट गेला. चांगल्या जॉइंटमध्ये अशी उभी हालचाल जाणवतच नाही. दोन्ही बाजू तपासा. एकीचा अंदाज दुसरीवरून येतो.

३. बूट फाटला म्हणजे जॉइंटचे दिवस भरले

बॉल जॉइंट सहसा वयानं मरत नाही, पाण्यानं मरतो. रबराच्या बूटाला चीर गेली की ग्रीस बाहेर येतं, पावसाळ्यात पाणी आणि बारीक माती आत जाते आणि दोन्हींचा मिळून पॉलिश पेपरसारखा लगदा तयार होतो. गोळा त्यात रोज घासला जातो. घाटापलीकडच्या लाल मातीत तर हे फार लवकर होतं.

म्हणून मी वर्षातून दोनदा बॅटरी घेऊन बूट बघते: पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमारास. बोटानं बूट सगळीकडून दाबून, घडी उघडून बघायचा, कारण चीर घडीच्या आत लपते. ओलसर ग्रीस बाहेर दिसलं आणि ढिलाई अजून नसली, तरी जॉइंट बदलायची तयारी सुरू करते. नुसता नवा बूट चढवणं मला पटत नाही. आत गेलेली माती आतच राहते.

४. दुकानात चॅसिस नंबर घेऊन जा

‘कोरोलाचा बॉल जॉइंट द्या’ एवढं पुरत नाही. एकाच नावाच्या गाडीच्या पिढ्या वेगळ्या, सांधे वेगळे. माझ्या गाडीत तो लोअर आर्मला एक बोल्ट आणि दोन नट यांनी जोडलेला असतो, त्यामुळे घरी बदलता येतो. काही गाड्यांत तो आर्ममध्ये प्रेसनं बसवून वर सर्क्लिप लावलेली असते. स्विफ्ट डिझायरसारख्या गाड्यांना कंपनी तो आर्मसकटच देते, आणि माझ्या मते तसाच बदलावा. प्रेसचं काम घरी हातोड्यानं करू नये. वाटी वेडीवाकडी बसली तर नवा जॉइंट पहिल्या दिवसापासून खराब. कोल्हापुरात उद्यमनगरात हायड्रॉलिक प्रेस असलेली वर्कशॉप्स हाकेच्या अंतरावर आहेत. आर्म सोडवून तिथे न्यायचा, बसवून आणायचा. यात कमीपणा काही नाही.

भाग हातात आल्यावर दुकानातच बघा. दांडा हातानं फिरवताना घट्ट पण एकसारखा फिरायला हवा. अडखळत असेल किंवा सैल लोंबत असेल तर परत करा. बूटाची कडा वाटीवर सगळीकडून बसलेली हवी. नवा नट आणि नवी स्प्लिट पिन सोबत आहे का ते बघा, नसेल तर तिथेच घ्या. सुट्टीच्या दिवशी गाडी उघडी पडलेली असताना पिनसाठी दुकान शोधत फिरावं लागू नये.

५. गाडी उचलणं हेही कामच आहे

रिकामी कोरोला ११०० ते १२०० किलोच्या आसपास असते, आणि इंजिन पुढे असल्यानं त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर असतो. डिकीतला कात्रीचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर हात किंवा डोकं आत घालायचं नाही, अगदी क्षणभरही. ट्रॉली जॅकनं उचलायचं आणि सांगाड्याच्या मजबूत जागेखाली घोड्या लावून गाडी त्यांच्यावर टेकवायची. जॅक हे उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. त्यातलं तेल सील फुटून कधी उतरेल सांगता येत नाही.

जमीन पक्क्या काँक्रीटची हवी. शहाबादी फरशी एका बिंदूवरच्या दाबानं तडकते, मुरूम खचतो. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केलेले. काढलेलं चाक बाजूला भिंतीला टेकवून न ठेवता गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवते. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर अडेल. शेवटी गाडीला दोन्ही हातांनी चांगला धक्का देऊन बघायचं. ती डुलली तर सगळं पुन्हा लावायचं.

६. टॉर्क पाना घेतल्याशिवाय हे काम घेऊ नका

गोटी सेट, लांब हँडल, बॉल जॉइंट पुलर, टॉमी, वायर ब्रश, गंज सैल करणारा स्प्रे एवढं बहुतेकांकडे असतं किंवा उसनं मिळतं. टॉर्क पाना मात्र नसतो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. कोरोलाच्या चाकाच्या नटांना १०३ न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला आहे. म्हणजे अर्ध्या मीटरच्या हँडलच्या टोकाला साधारण २१ किलोचा जोर. नुसत्या हाताच्या अंदाजानं कुणी याच्या निम्मा देतं, कुणी हँडलवर उभं राहून दुप्पट. सैल नट सुटतो आणि जास्त आवळलेला बोल्ट ताणून निकामी होतो. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

बॉल जॉइंटच्या नट-बोल्टचे आकडे पिढीगणिक बदलतात, म्हणून ते मी इथे देत नाही. आपल्याच गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या आणि खडूनं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हात ग्रीसचे झाल्यावर पानं उलटत बसायला नको. खंडेनवमीला आमच्या घरी अवजारांची पूजा होते. त्याच दिवशी मी टॉर्क पाना सगळ्यात कमी मापावर आणून ठेवलेला आहे ना ते बघते, पुलरच्या आट्यांना तेल देते, हातोड्याचा दांडा तपासते. पूजेचा अर्थ मला त्यात सापडतो.

७. टेपर ताकदीनं सुटत नाही

गंज सोडवायचा स्प्रे आदल्या संध्याकाळीच मारून ठेवावा. सकाळी चाक काढून आधी वायर ब्रशनं आटे साफ करायचे. मग स्प्लिट पिन सरळ करून ओढायची. तुटली तर उरलेला तुकडा बारीक पंचनं बाहेर काढायचा. कॅसल नट, म्हणजे पिनसाठी खाचा असलेला नट, सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आट्यांवर राहू द्यायचा, म्हणजे सांधा अचानक सुटला तरी नकल आणि आर्म एकदम वेगळे होऊन आदळत नाहीत. ड्राइव्ह शाफ्टमुळे या जागेत पाना फिरवायला अडचण होते. तिथे घाईनं पाना घसरून शाफ्टचा बूट फाटला तर एका कामाची दोन कामं.

टेपर नट सोडूनही जागचा हलत नाही, कारण तो नटानं धरलेला नसतोच. नटानं त्याला फक्त आत ओढलेलं असतं. धरून ठेवतं ते दोन निमुळत्या पृष्ठभागांमधलं घर्षण. म्हणून पुलर लावून ताण द्यायचा आणि मग नकलच्या डोळ्यावर बाजूनं हातोड्याचा एक नेमका, जोरदार ठोका. त्या धक्क्यानं डोळा क्षणभर किंचित आकार बदलतो आणि टेपर ‘टण्’ करून सुटतो. ठोका दांड्याच्या टोकावर नको, आट्यांवर नको, आणि अॅल्युमिनियमच्या भागावर तर मुळीच नको. फाट्यासारखं पाचरीचं अवजार बाजारात मिळतं. त्यानं काम पटकन होतं, पण बूट हमखास फाटतो. जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तरच ते वापरावं.

नटाबरोबर दांडाही फिरू लागला तर आर्मखाली जॅक लावून हलका वर दाब द्यायचा. टेपर पुन्हा घट्ट बसतो आणि नट सुटतो. गॅसची ज्योत मी या जागी वापरत नाही. जवळच रबरी बूट, ब्रेकचा पाइप आणि ग्रीस असतं.

८. मोकळा झालेला नकल कुठे जातोय ते बघा

आर्मचे बोल्ट सुटले की टॉमीनं आर्म खाली दाबून नकल बाजूला घ्यावा लागतो. आर्मच्या बुशचं रबर त्याला पुन्हा वर खेचतं, म्हणून इथे दुसरा माणूस असावा. हाताची बोटं मध्ये घालायची नाहीत. याच क्षणी तीन गोष्टी ताणल्या जातात: ब्रेकचा रबरी पाइप, एबीएस असेल तर त्याच्या सेन्सरची वायर, आणि ड्राइव्ह शाफ्ट. नकल जास्त बाहेर ओढला तर शाफ्टचा आतला सांधा जागेवरून निसटू शकतो. नकलला सुतळीनं किंवा तारेनं वर बांधून ठेवायचं. बांधलं की दोन्ही हात मोकळे आणि डोकंही.

जुना जॉइंट निघाला की नकलमधलं भोक कपड्यानं पुसून, बॅटरी लावून नीट बघा. ते गोल, गुळगुळीत आणि एकसारखं निमुळतं हवं. लांबट झालं असेल, कडेला खोल ओरखडे असतील, चीर दिसत असेल, तर नवा जॉइंट तिथे पक्का बसणार नाही. अशा वेळी नकल बदलणं हाच उपाय.

९. टेपर कोरडा, नट मापात, पिन नवी

बसवताना सवय म्हणून सगळ्याला ग्रीस लावावंसं वाटतं. टेपरला लावायचं नाही. त्याची पकड घर्षणावर आहे, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडेच हवेत. आर्मचे बोल्ट आधी हातानं शेवटपर्यंत फिरवायचे. हातानं फिरत नसेल तर आटे चुकलेत, पाना लावून ते दामटायचे नाहीत. मग सगळं टॉर्क पान्यानं.

कॅसल नट सांगितलेल्या टॉर्कला आवळल्यावर बहुधा त्याची खाच दांड्याच्या भोकासमोर येत नाही. तेव्हा नट थोडा आणखी आवळून पुढची खाच जुळवायची, मागे कधीही सोडायचा नाही. मागे सोडला की टेपरवरचा ताण गेला. स्प्लिट पिन नवीच, भोकात घट्ट बसेल अशा जाडीची, आणि तिचे दोन्ही पाय व्यवस्थित वळवलेले. ज्या गाड्यांत नायलॉनचा लॉक नट असतो, तिथे तो नटही एकदाच वापरायचा.

प्रत्येक नट टॉर्क झाला की त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढते. रेघ नसलेला नट म्हणजे न झालेलं काम. दारावरची बेल वाजली, फोन आला, तरी परत आल्यावर आठवणीवर विसंबावं लागत नाही. आणि नंतर कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

१०. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी उघडा

दोन्ही जॉइंट सारखेच चाललेले असतात, म्हणून मी जोडीनं बदलते. पण दोन्ही बाजू एकदम कधी उघडत नाही. न उघडलेली बाजू हाच सगळ्यात खरा नकाशा असतो: पिन कोणत्या दिशेनं आहे, वायर कुठल्या क्लिपमध्ये आहे, वायसर कुठे आहे. एक बाजू चाकासकट बसली, तपासली, मगच दुसरी.

११. गाडी चालली म्हणजे काम झालं असं नाही

गाडी खाली उतरवून चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमानं टॉर्क करायचे. मग रिकाम्या गल्लीत अगदी हळू, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, ब्रेक लावून बघायचं. परत येऊन पुन्हा खाली बॅटरी मारायची: बूट, पिन, रेघा, ब्रेकचा पाइप. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. नव्या जॉइंटमुळे चाकाचा कोन बारीकसा बदलतो आणि जुन्या झिजलेल्या जॉइंटवर जुळवलेलं टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर कल, आता खरं राहत नाही. अलाइनमेंट टाळली तर टायरची एक कडा त्याची किंमत मोजते. आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्यानं तपासायचे. हे सगळं झाल्याशिवाय घाट नाही, हायवे नाही.

१२. कुठे थांबायचं ते सुरू करण्याआधी ठरवा

काम सुरू झालं की माणूस इरेला पेटतो, म्हणून थांबायच्या जागा मी आधीच कागदावर लिहिते. नकलचं भोक खराब दिसलं, आटे मेले, बोल्ट तुटला, गाडी घोडीवर स्थिर वाटली नाही, उजेड संपला, यातलं काहीही झालं की काम बंद. मग गाडी तशीच झाकून ठेवायची किंवा टोइंगनं चांगल्या गॅरेजमध्ये पाठवायची. अर्धवट जोडलेली गाडी ‘हळूहळू नेऊ’ म्हणत गॅरेजपर्यंत चालवायची नाही.

घरी केल्यानं मजुरी वाचते, हे खरंच. पण मला त्याहून मोठी वाटते ती खात्री. या गाडीत माझी मुलगी बसते, सासूबाई बसतात. त्यांच्या चाकाचा नट किती टॉर्कला आहे, पिन कोणत्या दिवशी बसवली, हे माझ्या वहीत तारीख आणि किलोमीटरसकट लिहिलेलं असतं. तुम्ही हे काम हातात घेणार असाल तर पाना उचलण्याआधी वही उघडा. जे तपासून लिहिता आलं नाही ते झालंच नाही असं समजा आणि पुन्हा करा. एवढी शिस्त पाळायची तयारी असेल, तर हे काम तुम्हाला नक्की जमेल.